प्रभुभोजनाच्या बाटल्या

रविवार, २३ फेब्रुवारी १९५८

आज प्रार्थना चालू असताना कुणीतरी घोरलं. प्रार्थना मीच करत होतो — मग रागावू कुणावर?

पण घरी येताना जीव जड झाला. पाळकसाहेब पुण्याहून येतात ते महिन्याच्या पहिल्या रविवारी. बाकीचे रविवार मंडळीचा वडील — पंचांतला थोरला — म्हणून मीच रेटतो. मी सुतार माणूस. शाळा पाहिली ती तिच्या खिडक्या बसवताना. अक्षरं शिकलो ती पवित्र शास्त्रावरच, ओळीवर बोट ठेवून ठेवून. माझं बोलणं ऐकून डोळा लागला तर नवल नाही. पण ही झोप माझ्यामुळं आलेली नाही. ही पगारामुळं आली आहे!

नगरकडून आम्ही इकडं आलो तेव्हा चिंचवड स्टेशनाजवळच्या या प्रार्थनाशाळेला नुसते पत्रे होते, भिंती नव्हत्या. रुळाचा तुकडा टांगून घंटा केली होती. शनिवारी डफ घेऊन चाकणच्या बाजाराला चालत जायचो. कांद्याच्या ढिगांमध्ये उभं राहून भजनं म्हणायचो, प्रभूचं नाव सांगायचो. कुणी ऐकायचं, कुणी हसायचं, कुणी सडका कांदा फेकून मारायचं. म्हातारी अंबुबाई तो उचलून पदरात टाकायची — "निम्मा चांगला हाय रे, कालवणाला व्हईल!"

आता कुणी औषधाच्या कारखान्यात, कुणी देहूरोडच्या डेपोत, कुणी रेल्वेत. चांगलंच झालं. पोरं पोटभर जेवतात, देवाचे उपकार. पण डफ भिंतीवर टांगलेला आहे आणि त्याच्यामागं पालीनं घर केलं आहे. उपासना सुटली की बोलणं काय — क्वार्टर कुणाला मिळाली, ओव्हरटाइम कुणाला लागला. कारखान्यात कुणी धर्म विचारला तर खोकून विषय बदलतात म्हणे.

आमच्याच महार भावकीतले लोक दीड वर्षामागं चारचौघांत उभे राहिले, बुद्धाला शरण गेले. गावकीची कामं टाकली, बलुतं गेलं, मागं हटले नाहीत. वाट वेगळी, पण छाती पाहा त्यांची! आणि आम्ही? बापजाद्यांनी मार खाऊन जे मिळवलं ते रविवारच्या कोटासारखं खुंटीला लावून ठेवलं.

एकटा ज्योतीराम दाराशी ताठ बसला होता. काळेवाडीचा मांग. दोर वळायचे आणि गावच्या जत्रेत हलगी वाजवायची, हे पिढीजात काम. दिवाळीत मी त्याच्याकडं जाड दोर, सोल घ्यायला गेलो आणि दिवसभर बोलत बसलो. तेव्हापासून दर रविवारी बायकोला, शालनबाईला घेऊन नदी ओलांडून येतो. ईस्टरला दोघांचा बाप्तिस्मा. नवा माणूस जागा आणि जुने घोरतात!


बुधवार, २६ फेब्रुवारी

संध्याकाळी सोपानराव आले. आमच्या मंडळीचे सेक्रेटरी, औषधाच्या कारखान्यात सुपरवायझर. भला माणूस. पावसाळ्यात पत्रे उडाले तेव्हा शिडीवर पहिले तेच चढले होते.

खिशातून रुमालाचं गाठोडं काढलं. आत करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीला रबरी बूच. बाद झालेला माल, साहेबांना विचारून आणला.

"वडील, प्रभुभोजनाला आपण एवढी तोंडं एका प्याल्याला लावतो. जंतू किती! आमच्याकडं हात धुतल्याबिगर आत सोडत नाहीत. आणि देवाच्या घरात हे चालतं? ज्याची त्याची बाटली द्यायची. स्वच्छ."

पटलं मला. मी प्याल्याची कड फडक्यानं पुसतो खरी, पण ते फडकं सगळ्यांना एकच!

"बाटल्या उभ्या राहायला ट्रे पाहिजे. सागवानी, भोकं पाडून. तुमच्याशिवाय कोण करणार?"

मी लगेच हो म्हणालो. स्तुती केली की हा सुतार विरघळतो. हिनं चहा दिला. जाता जाता सोपानराव हिला म्हणाले, "वहिनी, पुतण्याचं पत्र आलंय. तुमच्या रूथविषयी विचारतोय." ही दिवे लागेपर्यंत स्वतःशीच हसत होती.


रविवार, २ मार्च

पाळकसाहेब आले होते. प्रभुभोजन झालं — भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट. मनुका भिजवून, उकळून रस हीच करते. प्याला तोच, मिशनच्या जुन्या मडमेनं जाताना दिलेला, कथलाचा, एका बाजूला पोचा आलेला. त्या पोच्याशी माझा अंगठा बरोबर बसतो.

बाप्तिस्मा झाला नाही म्हणून ज्योतीराम आणि शालनबाई नुसते बघत बसले. शालनबाई प्याल्याकडं अशी बघत होती, जसं सासरी निघालेली पोर गाडीकडं बघते. भीती पण आणि ओढ पण.

नंतर पंचांची बैठक. बाटल्या मंजूर. ईस्टरपासून सुरुवात. पाळकसाहेब म्हणाले, "शहरातल्या मोठ्या मंडळ्यांत हे आहेच." विषय संपला.

शालनबाई आता दर शनिवारी येऊन प्रार्थनाशाळा झाडते. केरसुणी तिनं स्वतः बांधलेली, शिंदीची. जमीन आरशासारखी होते. सगळ्या बाया नावाजतात.


गुरुवार, ६ मार्च

भोकं पाडतोय. सागवान सरळ निघालं. गिरमिट लोण्यातून जावं तसं जातं.


रविवार, ९ मार्च

आजचा दिवस नको होता.

उपासनेनंतर सोपानराव ट्रे बघायला घरी आले. हात फिरवून फिरवून बघितला. "वा वडील! पुण्यातसुद्धा मिळायचा नाही." मग म्हणाले, "एक सुधारणा करा. शेवटच्या ओळीतली दोन भोकं जरा बाजूला घ्या. वेगळी दिसतील अशी."

"ती कशाला?"

"त्या दोन बाटल्या धुताना बाकीच्यांत मिसळायला नकोत."

"कुणाच्या दोन?"

"आता तुम्हाला काय सांगायचं वडील." रुमालानं मान पुसली. "लोक बोलतात. ईस्टरला ते दोघं प्याल्याला तोंड लावणार. लोकांना जड जातंय. म्हणून तर मी हा मार्ग काढला. कुणाचं मन दुखायचं नाही. त्यांनाही मिळेल, आपल्यालाही."

म्हणजे जंतू कुठले होते ते आता कळलं!

मी ट्रे हातात धरून उभा. एवढा गुळगुळीत केला होता, कुसळसुद्धा टोचू नये म्हणून. सोपानराव वाईट नाहीत, हेच वाईट. वाईट माणसाला दारातून हाकलता येतं.

"सोपानराव, तुम्ही-आम्ही गावच्या विहिरीवर किती वर्षं उभं राहिलो? कुणीतरी वरून ओतेपर्यंत?"

"म्हणूनच म्हणतो," ते म्हणाले. "मुश्किलीनं वर आलोय."


सोमवार, १० मार्च

हात चालत नाही. ट्रे झाकून ठेवला.


बुधवार, १२ मार्च

हिला सगळं सांगितलं. ही तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "मी काही म्हणत नाही."

असं म्हटलं की मला माहीत असतं, पुढं पुष्कळ आहे.

"मी काही म्हणत नाही. पण रूथला सव्विसावं लागलं. सोपानरावांकडचं स्थळ हातचं गेलं तर दुसरं कुठं आहे, मला दाखवा. तुम्ही भांडाल, तुमचं नाव होईल — वडील खरं बोलले. आणि पोर घरात बसेल."

"म्हणजे तुझ्या मते बाटल्या बरोबर?"

"मी बरोबर-चूक म्हटलंच नाही. मी पोरीचं म्हटलं."

मग निवडलेले तांदूळ परत निवडायला घेतले.  इथं लिहितो म्हणून लिहितो — मलाही भीती वाटते. 


रविवार, १६ मार्च

ज्योतीराम-शालनबाई आज उपासनेला आले नाहीत. कुणी चौकशीसुद्धा केली नाही. दुपारी होडीनं पलीकडं गेलो.

काळेवाडीच्या कडेला त्यांचं खोपट. ज्योतीराम दारात दोरासाठी घायपाताचा वाख विंचरत बसला होता. मला बघून उठला, पण हसला नाही.

गावकरी येऊन गेले होते. चैत्री पुनवेला मरीआईची जत्रा. हलगी कोण वाजवणार? ज्योतीरामनं सांगितलं, आता मी दुसऱ्या देवाचा झालो, वाजवणार नाही. "मग खळ्यावर याचं न्हाई," असं बजावून गेले. म्हणजे धान्य बंद. सोलाचं काम बंद.

मी म्हणालो, "धीर धर. मंडळी आहे ना."

तो दोराकडं बघत म्हणाला, "व्हय. मंडळी हाय."

मग शालनबाई आतून बोलली. कधी एवढं बोलत नाही. "वडील, आमाला ठावं हाय बाटलीचं. झाडताना कानावर येतं. बाया मी तिथं न्हाईच असं समजून बोलत्यात."

मला मान वर करवेना.

"आमच्यापायी भांडू नगा. बाटलीनं द्या, न्हाई तर वंजळीत वता. जलमभर वंजळीतच प्यालो, सवय हाय. पर येवढं सांगा — त्यो गावातला देव आन् ह्यो, ह्यात मंग फरक काय?"

ज्योतीराम म्हणाला, "गप ए." ती गप्प झाली नाही. "तिकडची हलगी टाकली, हिकडं प्याला न्हाई. नदीच्या मधी उभं ऱ्हायाचं का आमी?"

तिनं मला पितळीतून गुळाचा चहा दिला. मी प्यालो. परत देताना तिनं पितळी वरून धरली, माझ्या बोटाला बोट लागू नये अशी. सवयीनं. कुणी शिकवलं नाही असं नाही — सगळ्यांनी मिळून शिकवलं.

मी सांगितलं, ईस्टरला यायचं. प्याल्याचं माझ्यावर सोडा. शब्द तर दिला. आता?


गुरुवार, २० मार्च

ज्योतीराम प्रार्थनाशाळेच्या फाटकाच्या कामाला माझ्या घरी हात लावायला आला होता. झाकलेला ट्रे दिसला. उचलून उजेडात धरला, भोकांतून माझ्याकडं बघितलं. "वडील, ह्यो दोराला ब्येस हाय. येका भोकातून येक पेड सोडायचा, फुडं पीळ द्यायचा. गुंता व्हत न्हाई."

"मग घेऊन जा," म्हटलं.

"आन् बाटल्या?"

"बाटल्यांना पाय नाहीत, त्या कुठं जात नाहीत. तू ने."

नेला.


रविवार, २३ मार्च

आज बोललो. वही-कागद काही घेतलं नाही. प्रभूनं शेवटच्या रात्री काय केलं, तेवढंच धरून उभा राहिलो.

म्हणालो — त्या रात्री त्यानं कमरेला टॉवेल बांधून पाय धुतले, आणि ज्यानं पुढं धरून दिलं त्याचेसुद्धा धुतले. मग प्याला फिरवला. एक. कुणाच्या ओठानंतर कुणाचा ओठ, असं विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, तेव्हा कारखाने नव्हते. खरं आहे. आजारपणाच्या भीतीनं बाटल्या आणल्या असत्या तर हा सुतार ट्रे घेऊन पहिला आला असता. पण नाव जंतूचं आणि भीती माणसाची, हे देवाच्या टेबलावर चालणार नाही!

म्हणालो — आपण थंड झालो आहोत. चुलीवरून उतरून ठेवलेल्या दुधावर साय येते, तशी आपल्यावर सुखाची साय आली आहे. खाली काय आहे ते आपल्यालाच दिसत नाही. चाकणचा बाजार अजून भरतो. डफ अजून वाजतो. शेवटचं आपण प्रभूचं नाव घराबाहेर कधी घेतलं? ज्योतीरामनं घेतलं — मरीआईची हलगी नाकारून, सगळ्या गावासमोर, घरात दाणा नसताना! आणि आपण त्याला वेगळी बाटली देतो. अरे, त्याच्या नंतरचा घोट मिळावा म्हणून आपण रांग लावायला पाहिजे!

 बसलो.

 पाल चुकचुकली तेवढी. मला वाटलं, लागलं कुठंतरी. मग मागून कुणीतरी विचारलं, "वडील, पाळकसाहेब ईस्टरला कितीच्या गाडीनं येणार?"

बाहेर आल्यावर अंबुबाईनं माझा हात चाचपून धरला. तिला आता सावल्याच दिसतात. म्हणाली, "घसा किती ताणतोस रे. मेलेलं वासरू वरडल्यानं उठतं व्हय?" मग दोन पावलं गेल्यावर — "पर वरड. वरडायचं सोडू नगंस."


मंगळवार, २५ मार्च

पंचांची बैठक. मी, सोपानराव आणि बाकीचे तिघं. बाटल्या राहणार. ट्रे नसला तर पितळी परात चालेल. वेगळी दोन भोकं नाहीत म्हणून काय झालं, दोन बाटल्यांच्या बुचांना दोरा बांधू.

"दोरासुद्धा ज्योतीरामकडूनच घ्या," मी म्हणालो. 

सोपानरावांनी शेवटी सांगितलं, नजर खाली ठेवून, "वडील, या खेपेला वाटायला तुम्ही उभे राहू नका. भावनेच्या भरात काही झालं तर बरं दिसणार नाही. खाली बसा."

इतकी वर्षं प्याला माझ्या हातातून फिरला. अंगठा त्या पोच्यात बसायचा.

सायकल धरून माझ्याबरोबर थोडं चालत आले. हळूच म्हणाले, "आमच्या वहिनींना, पुतण्याच्या आईला, मी अजून काही कळवलं नाही. रूथचं मनात ठेवा."

धमकी म्हणावी तर आवाजात विनवणी होती. मी नुसतं "सलाम" म्हणालो.

हिला बैठकीचं सांगितलं. रूथचं सांगितलं नाही. हिनं विचारलंही नाही.


शनिवार, २९ मार्च

चाकणला जाऊन आलो!

डफ काढला, पाल पळाली. कुणाला बोलावलं नाही. तरी फाटकाशी अंबुबाई काठी टेकवून हजर — "एष्टीनं नेणार असशील तर येते, पाय न्हाईत आता." वाटेत ज्योतीराम चढला, बगलेत हलगी. मी बघतच राहिलो. म्हणाला, "मरीआईची म्हून टाकली व्हती. वाजवायची इद्या तर देवानंच दिली ना?"

कांद्याच्या वखारींपुढं उभे राहिलो. अंबुबाईचा आवाज अजून खणखणीत. ज्योतीरामची हलगी सुरू झाली आणि बाजार थबकला! चाळीस मैलांत असा हात नाही. मी प्रभूचं नाव सांगितलं. लोकांनी ऐकलं, हसले, गेले. एक जण ओरडला, "ए बाबा, लगनाची वरात कुठाय?" ज्योतीरामनं तसंच वाजवत उत्तर दिलं, "नवरा येणार हाय, तुमी तयार ऱ्हावा!" सगळे हसले. मी पण. शास्त्रात प्रभूला नवराच म्हटलंय, पण असं मला सुचलं नसतं.

मीरासाहेब म्हणून कांद्याचे व्यापारी, जुने ओळखीचे. "या या! किती वर्षांनी! आवाज बसलाय तुमचा, पाणी घ्या." माठातून पेला भरून मला दिला. मी प्यालो, तोच पेला भरून अंबुबाईला, तोच भरून ज्योतीरामला, मग स्वतः प्याले. बोलता बोलता. त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ज्योतीराम पेल्याकडं बघत राहिला होता.


शुक्रवार, ४ एप्रिल — शुभ शुक्रवार

वधस्तंभाची उपासना झाली. नदीपलीकडून जत्रेचे ढोल ऐकू येत होते. हलगी नव्हती. लोक म्हणत होते, दुसऱ्या गावचा हलगीवाला आला नाही.

ज्योतीराम आणि शालनबाई दोघंही उपासनेला होते. ओले, नदी पायी ओलांडून आलेले. होडीवाला जत्रेतला, त्यानं घेतलं नाही.


रविवार, ६ एप्रिल — ईस्टर

जसं झालं तसं लिहितो.

पहाटे ही उठून रस गाळत बसली होती. मी म्हटलं, बाटल्यांत भरायला मी लागतो. म्हणाली, "नको. मी भरते." एकेक बाटली भरून बूच लावलं. दोन बुचांना लाल दोरा होता, सोपानरावांच्या घरून आलेला. तिनं त्या बाटल्या भरल्या, दोरा सोडवला आणि चुलीत टाकला. माझ्याकडं बघितलं नाही.

उपासनेला गर्दी. नवे कपडे, फुलं. बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी ज्योतीरामच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा त्याचे ओठ हलत होते. शालनबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, पाणी निथळून गेलं तरी उघडले नाहीत.

मग प्रभुभोजन. मी खाली बसलो होतो, दाराजवळ, त्या दोघांच्या शेजारी. टेबलावर पितळी परातीत बाटल्या आणि मागं जुना प्याला, रिकामा, पांढऱ्या कापडाखाली. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. सोपानरावांनी बाटल्या वाटल्या. लाल दोरा शोधत त्यांचा हात परातीत फिरला. सापडला नाही. आमच्यापर्यंत आले, बाटल्या हातात, आणि क्षणभर थांबले. मग ज्योतीरामला दिली, शालनबाईला दिली, मला दिली. 

"घ्या," पाळकसाहेब म्हणाले.

कुणी बूच काढायच्या आधी अंबुबाई उठली. "प्याला कुठाय?"

"बसा आई," पाळकसाहेब म्हणाले. "यंदा बाटल्या आहेत."

"ते कळलं. प्याला कुठाय म्हणते मी."

काठी टेकत, बाकं चाचपत पुढं गेली. टेबलावर हात फिरवला, कापड बाजूला केलं, प्याला सापडला. बोटांनी त्याचा पोचा चाचपला. मग दातांनी बूच ओढलं आणि बाटली प्याल्यात उलटी केली. एवढासा रस. आवाजसुद्धा नाही झाला.

"माझा एकटीचा न्हाई सोसायचा मला," म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

मी उठणार होतो. पाय उचलतच होते. तेवढ्यात बायांच्या बाजूनं ही उठली! सोपानरावांच्या बायकोच्या शेजारून. पदर सावरला, पुढं गेली, ओतली. रूथ तिच्यामागून. माझी पोर. ओतली. मग मी. मग डेपोतला एक जण, मग दोघी बाया, मग कोण कोण. सगळे नाहीत. निम्मेही नाहीत. बाकीच्यांनी मान खाली घालून आपापली घेतली. कुणाला मी दोष देत नाही, मीही त्यांच्यातलाच होतो, ट्रे मीच केला होता.

शेवटी ज्योतीराम आणि शालनबाई. तिनं ओतली, आणि प्याल्यात बघत उभी राहिली.

पाळकसाहेब घामाघूम. काय करावं त्यांना सुचेना. अंबुबाईनं प्याला उचलून शालनबाईच्या हातात दिला. "घे बाय. आजची लेक तू. आधी तू घे."

शालनबाईनं प्याला वरून धरला नाही. दोन्ही हातांनी धरला. प्यायली. अंबुबाईनं हात पुढं केला — "आण हिकडं." आणि त्याच कडेला ओठ लावले. मग ज्योतीराम. मग ही. मग आम्ही सगळे. पाळकसाहेब शेवटी प्याले. कडेला काही राहिलं नव्हतं, त्यांनी प्याला पालथा करून थेंब घेतला.

सोपानरावांकडं मी पाहिलं नाही. मुद्दाम नाही पाहिलं.

 घरी आल्यावर दारात चपला काढताना ही म्हणाली, "रूथचं देव बघेल." मग आत जाऊन खूप रडली.


सोमवार, ७ एप्रिल

सकाळी सोपानराव दारात. शिफ्टचे कपडे अंगात, पण कारखान्याची वेळ टळून गेलेली. बसा म्हटलं, बसले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशातून बाटली काढली. रस तसाच. बूच तसंच लावलेलं.

"काल ना ओतवली, ना पिववली. रात्रभर उशाशी होती. वडील — ही आता कुठं ओतू?"

मी टोपी घातली. "चला, ज्योतीरामकडं. पलीकडं जायला होडी आहे का, बघतो."